गटाचा एकूण तोटा, तरी कर भरायचा? मालकांना कसं समजवावं?

खतावणीवाली

अकरा वर्षं हिशेबाच्या कामात काढली, पण हा प्रश्न इतका सरळ तोंडावर कुणी विचारला नव्हता. धड उत्तर देता आलं नाही, म्हणून धागा.

आमचा गट छोटा. तीन देशांत तीन कंपन्या. मुख्य कंपनी सॉफ्टवेअर विकते, ग्राहकांशी करार तिचेच. दुसऱ्या देशातली उपकंपनी ते सॉफ्टवेअर बनवते आणि आपल्या खर्चावर १० टक्के चढवून मुख्य कंपनीला बिल करते. तिसरी विक्रीला हातभार लावते, तिला सध्या बाजूला ठेवू.

आकडे सोपे करून सांगते. उपकंपनीचा खर्च १००, तिचं बिल ११०. यंदा ग्राहकांकडून आले फक्त ९५. म्हणजे मुख्य कंपनीला १५ तोटा, उपकंपनीला १० नफा, गटाला ५ तोटा. आणि त्या १० वर उपकंपनीच्या देशात २५ टक्क्यांनी अडीच कर.

मालक म्हणाले, "तिन्ही कंपन्या माझ्याच. मला तोटा झालाय, मग कर कसला?" मी ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच गटातल्या कंपन्यांनी एकमेकींना लावायच्या किमती) वगैरे सुरू केलं. त्यांनी मधेच तोडलं, "मग यंदा ते दहा टक्के लावूच नका. वर्ष संपायला बारा दिवस आहेत अजून."

काय सांगू?

ता. क. त्यातच इंटरकंपनी जुळवणीत, म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या वह्या एकमेकींशी ताडताना, १५० चा फरक लोंबकळतोय. सहा महिने शोधतेय. कुणाला काही सुचलं तर सांगा.

---

उचापत्या

मालकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. यावरून मी हिशेब खात्यात का नाही हे कळेल.

---

सोळा_आणे

ताई, मालकांना एवढंच सांगा की "गट" नावाचा करदाता नसतो. गट फक्त एकत्रित ताळेबंदात असतो. करखात्याच्या दारात प्रत्येक कंपनी एकटी उभी असते, आणि प्रत्येक देश आपल्या हद्दीतल्या कंपनीकडेच बघतो. तिचा नफा किती, हे ठरवताना तो एकच विचारतो: ही कंपनी परक्या गिऱ्हाइकाचं काम करत असती तर तिने किती घेतले असते? ओईसीडीने, म्हणजे विकसित देशांच्या संघटनेने, देशादेशांतल्या करकरारांसाठी जो नमुना केलाय, त्यातलं नववं कलम म्हणजे हेच. आर्म्स लेंग्थ.

आता तुमची उपकंपनी. ती गिऱ्हाईक शोधत नाही. सॉफ्टवेअर विकलं गेलं नाही तर तिचं काही जात नाही. जोखीम सगळी मुख्य कंपनीची. मग चांगल्या वर्षात तिला १० टक्क्यांवर बसवून वरची साय मुख्य कंपनीने खाल्ली, आणि वाईट वर्षात "तूही तोटा सोस" म्हटलं, तर अधिकारी ऐकेल का? मागची पाच वर्षं मुख्य कंपनी फायद्यात असताना मालकांनी हा प्रश्न विचारला होता का, तेही विचारून बघा. (नोकरी टिकवायची असेल तर नका विचारू.)

---

जमेकडचा

दहा टक्के कशाला? पाच लावा. ओईसीडीनेच २०१५ च्या बेप्स (कर टाळायला नफा इकडून तिकडे सरकवण्याविरुद्धच्या) अहवालात अशा आतल्या सेवांना सरसकट ५ टक्के चालतील म्हटलंय. परक्या कंपन्यांशी फार तुलना-बिलनाही करावी लागत नाही. निम्मा कर वाचला.

---

सोळा_आणे

जमेकडचा, ती सवलत कमी मूल्याच्या पूरक सेवांना आहे. पगारपत्रकं, बिलं पाठवणं, भरतीची कागदपत्रं, असली कामं. संशोधन आणि विकास त्यातून मुद्दाम वगळलाय. ताईंच्या गटाचा धंदाच सॉफ्टवेअरचा आहे आणि ते बनतंय या उपकंपनीत. गाभ्यालाच पूरक सेवा म्हणालात तर अधिकारी कंपनीची वेबसाइट उघडून दाखवेल.

---

जमेकडचा

मान्य. अर्धवट वाचलं होतं.

---

निवांत_मी

माझा हिशेबाशी संबंध खिशापुरता. पण एक विचारू? एका कंपनीचा तोटा दुसरीच्या नफ्यातून वजा का करता येत नाही? मालक एकच आहे ना?

---

सोळा_आणे

प्रश्न अजिबात अडाणी नाही, युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. अनेक देशांत एका गटातल्या देशी कंपन्यांना नफातोटा एकमेकांत वळवता येतो. सीमा ओलांडली की दार बंद. मार्क्स अँड स्पेन्सरने बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीतल्या उपकंपन्यांचा तोटा ब्रिटनमधल्या नफ्यातून वजा मागितला होता. २००५ मध्ये निकाल आला, त्याचं सार असं: सर्रास मिळणार नाही. त्या देशात तो तोटा वापरायच्या सगळ्या वाटा संपल्या असतील, मागे नाही आणि पुढेही नाही, तरच नकार देणं जास्तीचं ठरेल. म्हणजे कंपनी मेल्यावर तिच्या तोट्याला मोक्ष.

आणि हे युरोपीय संघाच्या आत, जिथे सीमा नावालाच. बाहेर तर विचारूच नका.

---

ताळाबंद

मी ऑडिटच्या बाजूचा आहे, म्हणून दुसरी बाजू. कर भरावा लागणं एक, आणि तो हिशेबात कसा दिसतो हे दुसरं. तुमच्या एकत्रित नफातोटा पत्रकात करापूर्वी ५ तोटा, कर अडीच, करानंतर साडेसात तोटा. कराचा प्रभावी दर उणे ५० टक्के. मालकांच्या आधी बँकवाला विचारेल, "हे छापताना चुकलं का?"

यावर लोक पटकन डिफर्ड टॅक्स असेट काढायला धावतात. मुख्य कंपनीला १५ तोटा, पुढे नफ्यातून वजा होणार, तर त्यावरची करबचत आजच मालमत्ता म्हणून दाखवा. आयएएस १२ ला (आयएएस म्हणजे आंतरराष्ट्रीय हिशेब मानकं) हे मान्य आहे, पण पुढे पुरेसा नफा होण्याची शक्यता दाखवावी लागते. आणि ज्या कंपनीला अलीकडे तोटेच होत आलेत तिच्याकडून भक्कम पुरावा लागतो. "पुढच्या वर्षी दोन मोठी गिऱ्हाइकं येणार आहेत" याला मी पुरावा म्हणत नाही. सह्या झालेले करार दाखवा.

---

उचापत्या

ताळाबंद, तुम्ही घरीही असंच बोलता का? "उद्या सकाळी उठेन याला पुरावा काय?"

---

ताळाबंद

घरी बोलायची परवानगी नाही.

---

कस्टमकाकू

तुम्ही सगळे सेवांवर बोलताय. वस्तू पाठवून बघा म्हणजे मजा कळेल.

आमच्याकडच्या एका आयातदार कंपनीचं सांगते. माल परदेशातल्या तिच्याच मूळ कंपनीकडून यायचा. वर्षअखेरीला नफा परक्या कंपन्यांशी तुलना करून ठरवलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त दिसला, म्हणून मूळ कंपनीने "किंमत समायोजन" नावाचं एकच बिल फाडलं. वर्षभराच्या सगळ्या मालाची किंमत मागाहून वाढवली, नफा पट्ट्यात बसवला. करसल्लागार खूश.

चार महिन्यांनी कस्टमचं पत्र. "मालाची किंमत तुम्हीच वाढवून मान्य केलीत. मग आयातीच्या वेळी कमी किमतीवर शुल्क भरलंत ना? फरक भरा." बिल एक, खेपा दोनशेच्या वर. तो एक आकडा प्रत्येक खेपेतल्या प्रत्येक मालावर वाटून, त्या त्या दराने शुल्क काढून द्यायचं. त्यात काही माल शून्य शुल्काचा, काही साडेसात टक्क्यांचा. तीन माणसं दीड महिना तेवढंच करत होती.

बरं, उलटं झालं असतं, म्हणजे किंमत मागाहून कमी केली असती, तर जादा भरलेलं शुल्क परत मिळालं असतं का? हसून घ्या. प्राप्तिकरवाल्याला आयातीची किंमत कमी हवी म्हणजे नफा जास्त दिसतो, कस्टमवाल्याला जास्त हवी म्हणजे शुल्क जास्त मिळतं. सरकार तेच, मजला वेगळा. मधल्या जिन्यात आम्ही.

---

खतावणीवाली

काकू, कोपरापासून नमस्कार. म्हणजे मालकांना "बारा दिवसांत बदला" याचंही उत्तर मिळालं. आमच्याकडे माल नाही हे नशीब.

---

सोळा_आणे

माल नसला तरी बारा दिवसांत बदलू नका. काय होईल ते आकड्यांत बघा. दहा टक्के काढले: मुख्य कंपनीचा तोटा ५, उपकंपनी शून्यावर. दोन-तीन वर्षांनी तिकडचा अधिकारी येतो, म्हणतो परक्याने १०० खर्चून १०० ला काम केलं नसतं, आणि १० नफा धरतो. अडीच कर, वर व्याज, वर दंड. पण इकडे मुख्य कंपनीच्या वहीत खर्च १००च राहिला. तो ११० करून द्यायचा की नाही हे तिच्या देशाच्या मर्जीवर. नाही दिला तर तेच १० दोन्हीकडे करपात्र. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

यावर औषध आहे, दोन देशांच्या अधिकाऱ्यांनी आपसात बोलून सोडवायचं, त्याच नमुना करारातलं २५ वं कलम. सरासरी २४ महिन्यांत प्रकरण संपावं असं उद्दिष्ट २०१५ पासून ठरलंय. माझ्या हातातलं एक प्रकरण सुरू झालं तेव्हा मुलगी बालवाडीत होती. आता ती मला टक्केवारी शिकवते.

---

परदेशस्थ_पामर

ताईंनी तिसरी कंपनी बाजूला ठेवली, पण खरा साप तिथेच असू शकतो. "विक्रीला हातभार" म्हणजे नेमकं काय?

आमच्याकडे एक विक्रेता बायकोच्या बदलीमुळे दुसऱ्या देशात राहायला गेला. चांगला माणूस, सोडवेना. म्हटलं लॅपटॉप आहे, तिथून काम कर. तो गिऱ्हाइकांशी बोलायचा, भाव ठरवायचा, करार पक्का करायचा. सही मात्र मुख्यालयात व्हायची, आणि आम्ही त्या सहीच्या भरवशावर निर्धास्त.

तिथल्या करखात्याने ईमेल मागवले. एका ईमेलमध्ये आमच्या साहेबांनी लिहिलेलं, "तू ठरवलंस ना? मग मी सही करून टाकतो, वाचत बसत नाही." तेवढं पुरलं. ओईसीडीच्या २०१७ च्या नमुन्यात हेच आलंय: करार पक्का होण्यात मुख्य भूमिका तुमच्या माणसाची असेल आणि मुख्यालय फारसा बदल न करता नेहमी शिक्काच मारत असेल, तर सही कुठे झाली याला अर्थ नाही. आमच्या दोन देशांतल्या करारात हा बदल आलेला होता. पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे तिथे कर लागावा इतकी पक्की शाखा, ठरली. मग नोंदणी, विवरणपत्र, त्या माणसाच्या पगारावरची कपात, मागच्या दोन वर्षांसकट.

एका माणसाच्या जेवणाच्या टेबलाला आम्ही दोन वर्षं कंपनीची शाखा म्हणून हिशेब जोडला.

---

उचापत्या

त्या टेबलाचा घसारा मिळाला का?

---

परदेशस्थ_पामर

टेबल बायकोच्या नावावर होतं.

---

निवांत_मी

हे सगळं वाचून मोठ्या कंपन्या कर कसा काय चुकवतात याचं आश्चर्य वाटतंय. अॅपलला आयर्लंडमध्ये १३ अब्ज युरो भरावे लागले ना, ट्रान्सफर प्रायसिंगच्याच घोळात?

---

सोळा_आणे

जवळपास. पण ते प्रकरण सरकारी मदतीच्या नियमाखाली चाललं. युरोपीय आयोगाचं म्हणणं असं की आयर्लंडने एकाच कंपनीला झुकतं माप दिलं. वाद होता तो तिथल्या शाखांच्या वाट्याला किती नफा धरायचा याचा. २०१६ ला आयोगाचा आदेश, २०२० ला खालच्या कोर्टात रद्द, सप्टेंबर २०२४ ला वरच्या कोर्टात पुन्हा कायम. गंमत म्हणजे पैसे ज्या सरकारला मिळणार होते तेच सरकार "आम्हाला नकोत" म्हणून कोर्टात भांडत होतं.

---

जमेकडचा

आणि असल्या मोठ्यांना आवरायला केलेले नियम आमच्यासारख्यांच्या डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

---

ताळाबंद

इथे थोडा असहमत. किमान १५ टक्के कराचा नियम, ज्यावर २०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी मान डोलावली, तो ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या गटांनाच आहे. देशवार अहवालालाही (कुठल्या देशात किती नफा, किती कर याचा तक्ता) ओईसीडीने तोच उंबरठा ठेवलाय. ताईंचा गट त्याच्या आसपासही नसेल. लहानांना छळतात ते जुनेच नियम, नवे नाहीत.

---

शून्यशिल्लक

जुन्यातला सगळ्यात जुना सांगतो. विदहोल्डिंग. उगमस्थानी कपात.

आमचं काम सल्ल्याचं. दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाला १०० चं बिल. आमचा खर्च ९२, नफा ८. गिऱ्हाइकाने १० कापून ९० पाठवले, तिथला कायदाच तसा. म्हटलं हरकत नाही, आपल्या देशात तेवढी वजावट मिळेल. मिळाली, पण किती? आमचा दर २५ टक्के, ८ वर कर २. वजावट जास्तीत जास्त तेवढीच. उरलेले ८ बुडाले. नफा ८, कर १०. काम न करता घरी बसलो असतो तर दोनने श्रीमंत असतो.

कपात ढोबळ रकमेवर आणि आपला कर नफ्यावर, सगळी मेख इथे. पुढच्या करारात "आम्हाला हातात १०० मिळाले पाहिजेत" असं घातलं. गिऱ्हाइकाला १११.११ धरून ११.११ तिकडे भरावे लागले. तो बिचारा अजून त्या ११ पैशांचा अर्थ विचारतो.

---

कस्टमकाकू

रहिवासाचा दाखला वेळेत दिला होतात का? करारातला दर कमी असतो पुष्कळदा. लोक कागद देत नाहीत आणि मग रडतात.

---

शून्यशिल्लक

काकू, दाखला आला कपातीनंतर तीन आठवड्यांनी. आमच्याच खात्याने उशीर केला. मीठ चोळू नका.

---

खतावणीवाली

धागा भलताच रंगला. एक वेगळी शंका, ताळाबंदांना. मुख्य कंपनीने उपकंपनीला तिच्या चलनात कर्ज दिलंय. यंदा ते चलन वधारलं, मुख्य कंपनीच्या वहीत विनिमय नफा आला. एकत्रित करताना कर्ज दोन्हीकडून उडालं, पण नफा उडेना! स्वतःच स्वतःला दिलेल्या कर्जावर नफा कसा? मालकांना हे अजून दाखवलेलं नाही. घाबरते.

---

ताळाबंद

बरोबर आहे, तो उडत नाही. आयएएस २१ मध्ये स्पष्ट आहे. कर्ज उडालं तरी मुख्य कंपनीने परकीय चलनाचा धोका खरोखर पत्करलाय. तिचा पैसा त्या चलनात अडकलाय, तो परत आणला तर जास्त येईल. म्हणून फरक नफातोट्यात राहतो.

अपवाद एक. ते कर्ज नजीकच्या काळात परत मागायचा विचार नसेल आणि तशी शक्यताही नसेल, तर ते गुंतवणुकीचाच भाग धरतात. मग एकत्रित पत्रकात तो फरक इतर सर्वसमावेशक उत्पन्नात (नफातोट्याबाहेरच्या वेगळ्या रकान्यात) जातो आणि उपकंपनी विकेपर्यंत राखीव निधीत पडून राहतो. पण परतफेडीचं वेळापत्रक लिहून ठेवलं असेल तर हे विसरा. आणि मुख्य कंपनीच्या स्वतंत्र वहीत तो नफातोट्यातच राहतो, तिथे सुटका नाही.

या न मिळालेल्या नफ्यावर कर आज की परतफेडीला, हे देशागणिक वेगळं. तिथे सोळा_आणे बोलतील.

---

सोळा_आणे

बोलतील, पण बिल पाठवून. (कृपया हलके घ्या.)

---

परदेशस्थ_पामर

अवांतर: आमची एक उपकंपनी तुर्कस्तानात आहे. २०२२ पासून तिला आयएएस २९ लागू, म्हणजे तीव्र महागाईचा हिशेब. तीन वर्षांत महागाई मिळून १०० टक्क्यांच्या आसपास गेली की जुन्या इमारतीपासून भागभांडवलापर्यंत सगळं निर्देशांकाने गुणून आजच्या लिरात आणायचं, मगच मुख्यालयाच्या चलनात. दुसरी चीनमध्ये. तिथे हिशेबाचं वर्ष कायद्यानेच जानेवारी ते डिसेंबर, आमचं वेगळं. एकत्रित हिशेबासाठी तारखांत तीन महिन्यांपर्यंतचा फरक चालतो, आमचा बरोब्बर तीनच येतो. दर वर्षी कुणीतरी नवीन ऑडिटर येऊन बोटांवर मोजतो.

---

उचापत्या

वाचनखूण साठवली. रात्री झोप न आल्यास वाचेन.

---

जमेकडचा

ताई, ते १५० चं काय झालं? सहा महिने, १५०. सहाने भागून बघितलंत का? दर महिन्याला एकच पेमेंट जातं का?

---

खतावणीवाली

अय्या! सहाने भागलं नव्हतं. मी विनिमय दरांच्या मागे लागले होते. उद्या बघते.

---

खतावणीवाली

दोन्ही गोष्टींचा निकाल सांगायला आले.

मालकांना शेवटी सोळा_आण्यांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, "गट नावाचा करदाता नसतो." थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "मग तिकडे कंपनी न काढता नुसती शाखा काढली असती तर?" याला म्हणतात मालक. मी सांगितलं की शाखेचा हिशेब कायद्याने आपल्याच वहीत असतो, पण तिकडचा देश शाखेलाही नफा जोडतोच. परदेशस्थ_पामर यांच्या टेबलाची गोष्ट सांगितली. तिथे ते हसले आणि विषय मिटला.

ठरलं असं की यंदा १० टक्के तसेच, कर भरायचा. पुढच्या वर्षासाठी तुलना नव्याने करून घ्यायची, परकी सॉफ्टवेअर दुकानं खरंच किती कमावतात ते बघून आकडा ठरवायचा, आणि दर तिमाहीला तपासायचा, वर्षअखेरीला नाही. करार वर्ष सुरू व्हायच्या आधी सही होणार. डिफर्ड टॅक्स असेट ऑडिटरने मान्य केलं नाही. ताळाबंद, तुमचेच भाऊबंद. विक्री कंपनीतल्या दोघांचे ईमेल मात्र मी स्वतः वाचायला घेतलेत, आणि तिसऱ्याच दिवशी छातीत धस्स झालं. त्यावर वेगळा धागा काढीन.

आणि ते १५०. दर महिन्याला ५०,००० जातात, मिळतात ४९,९७५. मधल्या बँकेचे २५. उपकंपनीतला मुलगा येतील तेवढेच जमा करत होता, बाकी २५ येणे म्हणून ठेवत होता. जमेकडचा, साष्टांग.

---

जमेकडचा

ते २५ कुणाच्या खर्चात टाकलेत? उपकंपनीच्या टाकलेत तर त्यावरही १० टक्के चढतील बघा.

---

खतावणीवाली

...